बालकांचे चित्रकार उपेंद्रकिशोर

नवे पुस्तक हाती पडले की आपण प्रथम त्यातील चित्रे पाहतो. मजकूर मागाहून वाचला जातो. चित्र सुरेख असले, की पुस्तक कधी एकदा वाचतो असे होते. उलट चित्र धुरकट, शाईने माखलेले, नाकाडोळ्यांचा पत्ता नसलेले असले, की गोष्ट कितीही चांगली असो, मन थोडे हिरमुसतेच. मुलांची अशी निराशा होऊ नये म्हणून एका थोर बंगाली चित्रकाराने आपल्या आयुष्याची वीस वर्षे वेचली. मुलांसाठी त्याने गोष्टी लिहिल्या, त्यांची चित्रे स्वतः काढली आणि ती चित्रे चांगली छापली जावीत म्हणून छपाईचे अवघड शास्त्रही तो स्वतःच शिकला. त्याचे नाव उपेंद्रकिशोर रायचौधरी.

उपेंद्रकिशोरांचा जन्म मे १८६३ मध्ये पूर्व बंगालमधील मैमनसिंग जिल्ह्यात मसुआ नावाच्या खेड्यात झाला. नद्यानाल्यांनी आणि भातशेतांनी भरलेला हा हिरवागार मुलूख आता बांगलादेशात आहे. त्यांचे वडील कालीनाथ राय संस्कृत, अरबी आणि फारसी या तिन्ही भाषांचे जाणकार होते. घरात विद्येचा वारसा होता. मुलेही एकाहून एक गुणी निघाली. थोरले शारदारंजन पुढे नामांकित प्राध्यापक झाले आणि बंगालमध्ये क्रिकेटचा खेळ रुजविणारे म्हणून प्रसिद्धीस आले. धाकट्या भावांपैकी कुलदारंजन व प्रमदारंजन यांनीही मुलांसाठी सुंदर लेखन केले. आपल्या चरित्रनायकाचे मूळ नाव कामदारंजन. तो पाच वर्षांचा असताना नात्यातील एक जमीनदार हरिकिशोर रायचौधरी यांनी त्याला दत्तक घेतले. घर बदलले, तसे नावही बदलले. कामदारंजनाचा उपेंद्रकिशोर झाला.

नव्या घरी कशाचीच वाण नव्हती. उपेंद्रकिशोर मैमनसिंगच्या शाळेत जाऊ लागला. बुद्धी तल्लख असल्याने अभ्यासाचे ओझे त्याला कधी वाटले नाही. परंतु त्याचा खरा जीव गुंतला होता तो दोन गोष्टींत. एक म्हणजे संगीत आणि दुसरी चित्रकला. बासरी व सारंगी-व्हायोलिन यांसारखी वाद्ये त्याला फार प्रिय होती आणि हाती पेन्सिल आली, की वहीच्या कोऱ्या जागेवर माणसे, पशुपक्षी उमटू लागत.

त्यांच्या शाळेतील दोन आठवणी सांगतात. पहिली अशी. बंगालचे त्या वेळचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अॅशली ईडन शाळा पाहावयास आले होते. सारे विद्यार्थी अदबीने उभे होते; एक मुलगा मात्र मान खाली घालून वहीत काही करीत होता. पाहुण्यांनी जवळ जाऊन वही उचलली, तो त्यांना तीत स्वतःचाच चेहरा दिसला! शिक्षकांच्या पोटात गोळा उठला. पण ईडनसाहेब रागावले नाहीत. त्यांनी मुलाची पाठ थोपटली आणि ही कला कधी सोडू नकोस असे त्याला बजावले. दुसरी आठवण आहे प्रवेशपरीक्षेच्या वर्षाची. परीक्षा तोंडावर आली, तरी उपेंद्रकिशोर वाद्यातच रमलेला पाहून शिक्षकांना चिंता वाटू लागली. आमची सारी आशा तुझ्यावर आहे, असे त्यांनी त्याला कळवळून सांगितले. मुलगा मुकाट्याने घरी गेला आणि त्याने आपले लाडके व्हायोलिन मोडून टाकले. १८८० मध्ये तो शिष्यवृत्ती मिळवून परीक्षा उत्तीर्ण झाला. हाती घेतलेले काम पुरे करण्यासाठी प्रिय वस्तूही दूर सारण्याचा हा करारी स्वभाव त्यांना जन्मभर उपयोगी पडला. संगीत मात्र त्यांना कायमचे सोडून गेले नाही. पुढे ते उत्तम व्हायोलिनवादक झाले आणि वाद्ये शिकविणारी पुस्तकेही त्यांनी लिहिली.

उच्च शिक्षणासाठी ते कलकत्त्यास आले. प्रथम प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि नंतर ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. ते दिवस बंगालमध्ये नव्या विचारांचे होते. मुंबईतील प्रार्थनासमाजाप्रमाणे तेथे ब्राह्मसमाज काम करीत होता. एका ईश्वराची उपासना करावी, जातिभेद मानू नये, स्त्रियांना शिक्षण द्यावे, ही त्याची शिकवण होती. उपेंद्रकिशोरांना ती पटली आणि ते ब्राह्मसमाजात गेले. जुन्या वळणाच्या नातलगांना हे रुचण्यासारखे नव्हते. पण एकदा मनाने कौल दिल्यावर ते मागे फिरले नाहीत. समाजातील एक खंदे सुधारक द्वारकानाथ गांगुली यांच्या कन्या विधुमुखी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. द्वारकानाथांच्या द्वितीय पत्नी कादंबिनी या भारतातील पहिल्या पदवीधर स्त्रियांपैकी एक होत्या आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. अशा विद्याप्रेमी वातावरणात उपेंद्रकिशोरांचा संसार सुरू झाला. सुखलता, सुकुमार, पुण्यलता, सुविनय, शांतिलता आणि सुविमल अशा सहा मुलांनी त्यांचे घर गजबजून गेले.

बी. ए. झालेल्या तरुणास त्या काळी सरकारी नोकरी सहज मिळे. उपेंद्रकिशोरांचे मन तिकडे वळले नाही. विद्यार्थिदशेतच त्यांनी ‘सखा’ या मुलांच्या मासिकात लेखन सुरू केले होते. हे मासिक १८८३ मध्ये निघाले. त्यापूर्वी बंगाली मुलांना वाचावयास मिळत ती बहुधा उपदेशाची जड पुस्तके. मुलांना हसवावे, त्यांच्या कुतूहलाला खाद्य द्यावे, आकाशातील ताऱ्यांपासून रानातील जनावरांपर्यंत सारे त्यांना त्यांच्या भाषेत सांगावे, अशी उपेंद्रकिशोरांची इच्छा होती. त्या इच्छेतून त्यांनी ‘छेलेदेर रामायण’, म्हणजे ‘मुलांचे रामायण’, हे पुस्तक सिद्ध केले. भाषा सोपी आणि गोड होती. चित्रेही त्यांनी स्वतःच मोठ्या हौसेने काढली होती.

पुस्तक छापून आले. उपेंद्रकिशोरांनी ते उघडले आणि त्यांचे मन खिन्न झाले. आपण काढलेली चित्रे ती हीच का, असे त्यांना वाटले असेल! त्या काळी चित्र छापावयाचे तर ते लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून घ्यावे लागे. चित्रकार चित्र काढी आणि कोरणारा कारागीर हत्याराने लाकूड खोदून त्याचा ठसा तयार करी. कारागीर साधारण असला, की चित्रकाराची नाजूक रेषा जाडीभरडी होई, चेहऱ्यावरचा भाव पार हरवून जाई आणि छायाप्रकाशाचा तर मागमूसही राहत नसे. रामायणातील चित्रांची अशीच दशा झाली होती.

दुसरा कोणी असता तर त्याने छापखान्याला बोल लावला असता आणि गप्प बसला असता. मुलांचेच पुस्तक आहे, त्यांना चालते तेवढे, असेही अनेकांनी म्हटले असते. उपेंद्रकिशोरांचा विचार निराळा होता. मुलांची नजर कोवळी असते. तिच्यापुढे पहिल्यापासून उत्तम तेच ठेवले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. चित्र चांगले छापून देणारा कोणी येथे मिळत नसेल, तर ती विद्या आपणच शिकली पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला.

युरोपात त्या सुमारास चित्रे छापण्याची एक नवी रीत प्रचारात येत होती. तिला हाफटोन म्हणतात. ही रीत मोठी मौजेची आहे. छापखान्यातील शाई एकाच काळ्या रंगाची असते. ती कागदावर उमटते किंवा उमटत नाही. अर्धीमुर्धी, फिकी उमटणे तिला ठाऊक नाही. मग छायाचित्रातील करड्या छटा कागदावर कशा आणावयाच्या? यासाठी चित्राचे छायाचित्र घेताना कॅमेऱ्यात काचेची एक जाळी ठेवतात. या जाळीवर एकमेकींना छेदणाऱ्या अतिशय बारीक रेघा आखलेल्या असतात. त्यांतील सूक्ष्म चौकोनी खिडक्यांतून प्रकाश आत शिरतो आणि साऱ्या चित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होते. हे ठिपके धातूच्या पत्र्यावर उतरवून घेतात. नंतर पत्रा आम्लात बुडविला, की ठिपक्यांमधला धातू झिजून खाली जातो आणि ठिपके तेवढे वर राहतात. तोच चित्राचा ठसा, म्हणजे ब्लॉक. छापलेल्या चित्रात काळोखाच्या जागी ठिपके मोठे व दाट दिसतात, उजेडाच्या जागी बारीक दिसतात, आणि दुरून पाहणाऱ्या डोळ्याला मात्र ठिपके न दिसता फिक्या व गडद छटा दिसतात. जुन्या वर्तमानपत्रातील एखादे चित्र भिंगाखाली धरून पाहा. हे ठिपके तुम्हांलाही दिसतील.

उपेंद्रकिशोरांनी पदरचे पैसे घालून लंडनच्या पेनरोज कंपनीकडून हाफटोनची सामग्री मागविली आणि १८९५ मध्ये कलकत्त्यात ‘यू. राय’ या नावाने ब्लॉक करण्याचा व्यवसाय सुरू केला. यंत्रसामग्री आली; पण ती वापरण्यास शिकविणारा गुरू आला नव्हता. तेव्हा पुस्तके वाचावी, प्रयोग करावा, तो फसला की का फसला याचा विचार करावा आणि पुन्हा नव्याने आरंभ करावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

या कामात एक मोठी अडचण होती. काचेची जाळी छायाचित्राच्या काचेपासून नेमकी किती अंतरावर ठेवावी? हे अंतर केसभर चुकले तरी ठिपके बिघडत आणि चित्र एक तर मळकट होई, नाही तर अगदी पांढुरके पडे. युरोपातील पुष्कळ कारागीर हे अंतर अंदाजाने ठरवीत. साधले तर साधले, नाही तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ! अंदाजावर विसंबणे उपेंद्रकिशोरांना मानवेना. प्रकाश जाळीतून जाताना काय घडते याचा त्यांनी गणिताने छडा लावला. भिंगापुढील छिद्र केवढे असावे, त्याचा आकार कसा असावा, जाळीच्या रेघा कोणत्या कोनात छेदाव्यात, यांचे हिशेब त्यांनी मांडले. हाताने चित्रे काढणारा हा कलावंत गणित आणि पदार्थविज्ञान यांतही तितकाच रमून गेला.

आपल्याला लागलेला शोध त्यांनी आपल्यापुरता झाकून ठेवला नाही. लंडनहून ‘पेनरोज’ नावाचे छपाईकलेचे एक वार्षिक निघत असे. जगातील नामांकित तज्ज्ञ त्यात लिहीत. १८९७ पासून या वार्षिकात उपेंद्रकिशोरांचे लेख प्रसिद्ध होऊ लागले. जाळीचे अंतर कसे ठरवावे, ठिपका कसा तयार होतो, साठ अंशांच्या कोनात रेघा असलेल्या जाळीचा उपयोग काय, अशा विषयांवर सुमारे पंधरा वर्षे ते लिहीत राहिले. युरोपात त्यांनी कधी पाऊलही टाकले नव्हते. तरी कलकत्त्यातल्या आपल्या छोट्या कार्यशाळेत बसून ते युरोपातील कारागिरांना त्यांच्याच विद्येतील नव्या गोष्टी शिकवीत होते. आपला देश त्या काळी परतंत्र होता आणि यंत्रविद्या हा साहेबाचाच प्रांत आहे, अशी समजूत रूढ होती. त्या समजुतीला हे एक शांत आणि सडेतोड उत्तर होते.

हळूहळू यू. राय यांच्या ब्लॉकची कीर्ती पसरली. पुढे मोनोक्रोम म्हणजे एकरंगी चित्रांबरोबर तीन रंगांत छापावयाची चित्रेही तेथे तयार होऊ लागली. पिवळा, तांबडा आणि निळा अशा प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा करून ते एकावर एक अचूक छापले, की त्यांच्या मिश्रणातून सारे रंग उमटतात. रामानंद चट्टोपाध्याय यांचे ‘प्रवासी’ हे प्रसिद्ध मासिक मोठमोठ्या चित्रकारांच्या कृती छापत असे. त्यांचे ब्लॉक उपेंद्रकिशोरांकडून येत. चित्र पाहण्यासाठी राजवाड्यात किंवा प्रदर्शनात जाणे ज्यांना शक्य नव्हते, अशा हजारो सामान्य वाचकांच्या घरी त्यामुळे उत्तम चित्रे जाऊन पोहोचली.

एवढा व्याप असूनही उपेंद्रकिशोरांना मुलांचा विसर पडला नाही. कामातून सवड मिळाली, की ते आपल्या मुलांत येऊन बसत. पुस्तकातील चित्रे दाखवून त्यांची माहिती सांगत, गोष्टी सांगत, व्हायोलिन वाजवून दाखवीत. त्यांच्याजवळच्या प्राण्यांच्या पुस्तकातील चित्रे दाखवून लहानगा सुकुमार आपल्या भावंडांना गोष्टी सांगे आणि पुस्तकातले प्राणी संपले, की कुणी कधी न पाहिलेले विचित्र प्राणी मनानेच रचून सांगे. त्यांची कन्या पुण्यलता यांनी मोठेपणी आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या, त्यांत या आनंदी घराचे मोठे हृद्य दर्शन घडते. प्रसिद्ध कवी रवींद्रनाथ ठाकूर हे उपेंद्रकिशोरांचे स्नेही होते. रवींद्रनाथांच्या ‘नदी’ या कवितेसाठीही उपेंद्रकिशोरांनी चित्रे काढली.

त्यांची पुस्तके एकामागून एक प्रसिद्ध होऊ लागली. ‘सेकालेर कथा’ या १९०३ मधील पुस्तकात त्यांनी मनुष्य जन्मण्यापूर्वी पृथ्वीवर वावरणाऱ्या अजस्र प्राण्यांची माहिती दिली आणि त्यांची चित्रे काढली. महाभारतातील कथाही त्यांनी मुलांसाठी सांगितल्या. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘टुनटुनीर बई’ हे पुस्तक तर घरोघरी पोहोचले. टुनटुनी म्हणजे पाने शिवून घरटे करणारा आपला चिमुकला शिंपी पक्षी. या पुस्तकातील गोष्टी उपेंद्रकिशोरांच्या कल्पनेतील नव्हत. त्या त्यांच्या पूर्व बंगालच्या खेड्यापाड्यांतील बायकांच्या होत्या. तिन्हीसांजेला स्वयंपाक व्हावयाचा असतो आणि दिवसभर खेळून दमलेली मुले न जेवताच पेंगू लागतात. ती जागी राहावीत म्हणून घरातल्या मायाळू बायका त्यांना या गोष्टी सांगत. उपेंद्रकिशोरांनी त्या गोळा केल्या आणि जशा सांगितल्या जात तशाच साध्या बोलीत लिहिल्या. त्यांतील एका गोष्टीत राजाने उन्हात वाळत घातलेल्या धनातील एक नाणे टुनटुनी उचलून नेतो आणि राजाच्या घरी आहे ते माझ्याही घरी आहे, असे गात सुटतो. एवढासा पक्षी, पण तो बलाढ्य राजाची पुरती फजिती करतो! लहानांनी मोठ्यांवर मात करावी, हे बालवाचकांना आवडले नसते तरच नवल. अशा रीतीने आजीबाईंच्या तोंडी असलेला ठेवा काळाच्या ओघात वाहून जाण्यापूर्वी पुस्तकात सुरक्षित राहिला.

१९११ मध्ये त्यांचे चिरंजीव सुकुमार छपाईची व छायाचित्रणाची विद्या शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. वडील स्वतः जेथे कधी गेले नव्हते, तेथे मुलगा गेला; आणि वडिलांच्या संशोधनाचे नाव आपल्याआधीच तेथे येऊन पोहोचले आहे, हे त्याला दिसून आले. १९१३ मध्ये सुकुमार परत आले. त्याच वर्षी उपेंद्रकिशोरांचे जुने स्वप्न साकार झाले. एप्रिल महिन्यात, बंगाली नववर्षाच्या आरंभी, त्यांनी मुलांसाठी स्वतःचे मासिक सुरू केले. त्याचे नाव ‘संदेश’.

संदेश म्हणजे निरोप किंवा वार्ता, हे आपल्याला ठाऊक आहे. बंगालीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. ताज्या छन्याची तेथे जी नामांकित मिठाई होते, तिलाही संदेश म्हणतात. ज्ञानाची वार्ता आणि मिठाईची गोडी ही दोन्ही मुलांच्या हाती एकदमच यावीत, असे हे समर्पक नाव होते. मासिकात गोष्टी असत, कविता व कोडी असत, शास्त्रातील नवलाच्या हकिगती असत, पुराणकथा असत. सुकुमार, सुखलता आदी घरच्या मंडळींनी लेखनाला हातभार लावला. संपादक उपेंद्रकिशोर, पुष्कळशा मजकुराचे लेखक उपेंद्रकिशोर, चित्रकार उपेंद्रकिशोर आणि ब्लॉक करणारेही उपेंद्रकिशोरच! रंगीत चित्रांनी नटलेला असा अंक बंगाली मुलांनी यापूर्वी पाहिलेला नव्हता. रामायणातील चित्रे पाहून खिन्न झालेल्या त्या चित्रकाराचे मन आता निवले असेल.

कलकत्त्यातील गडपार रस्त्यावर त्यांनी स्वतःच्या आराखड्याप्रमाणे एक घर बांधविले. छापखाना आणि राहण्याची जागा दोन्ही त्यात होती. १९१४ मध्ये कुटुंब तेथे राहावयास गेले. खाली यंत्रांची घरघर, वर मुलामाणसांची वर्दळ, कोणी प्रुफे तपासीत आहे, कोणी चित्र रंगवीत आहे, असा त्या घराचा थाट होता.

परंतु हे सुख फार दिवस भोगणे उपेंद्रकिशोरांच्या नशिबी नव्हते. त्यांना मधुमेह जडला होता. या रोगावरील इन्शुलिन हे औषध १९२१ मध्ये शोधले गेले. त्यापूर्वी रोग्याने पथ्य पाळावे, हवापालट करावा आणि दिवस मोजावेत, याखेरीज फारसा इलाज नव्हता. उपेंद्रकिशोरही हवापालटासाठी गिरिडीह येथे जाऊन राहिले; पण प्रकृती खालावतच गेली. तशा स्थितीतही ‘संदेश’चे काम त्यांनी सोडले नाही. त्या शेवटच्या वर्षातच त्यांची एक अतिशय हसरी गोष्ट मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘गुपी गाइन, बाघा बाइन’. गुपीला गाण्याचा नाद आणि बाघाला ढोल बडविण्याचा. दोघांचाही आवाज असह्य झाल्याने गावकरी त्यांना हाकलून देतात. पुढे रानात भुते त्यांच्या गाण्यावर खूश होतात आणि दोघांचे दैव उघडते. गोष्ट वाचणाऱ्या मुलांची हसता हसता मुरकुंडी वळे. ती लिहिणारे हात दुखण्याने थकलेले आहेत, हे त्यांना कोठून कळणार!

२० डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, उपेंद्रकिशोरांचे निधन झाले. ‘संदेश’ तेव्हा पुरता तीन वर्षांचाही झाला नव्हता.

पित्याने ठेवलेले काम सुकुमार यांनी पुढे चालविले. त्यांच्या विनोदी कविता आणि चित्रविचित्र प्राण्यांची चित्रे यांनी ‘संदेश’ गाजला. लहानपणी भावंडांना सांगितलेले ते अजब प्राणी जणू कागदावर अवतरले. दुर्दैवाने १९२३ मध्ये तेही ऐन तारुण्यात वारले. पुढे काही वर्षांत मासिक बंद पडले, व्यवसाय बुडाला आणि गडपारचे घरही कुटुंबाच्या हातून गेले. सारे संपले असे वाटावे, अशी ती वेळ होती.

पण चांगले काम सहसा वाया जात नाही. सुकुमार यांचा लहानगा मुलगा आजोबांच्या त्या घरात, ब्लॉक आणि शाई यांच्या सहवासात काही वर्षे वाढला होता. आजोबांना त्याने पाहिले नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे साडेपाच वर्षांनी त्याचा जन्म झाला. मोठा झाल्यावर तोही चित्रकार झाला, मुलांसाठी लेखन करू लागला आणि चित्रपटांच्या क्षेत्रात जगाच्या कीर्तीस पोहोचला. ते सत्यजित राय. १९६१ मध्ये सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साहाय्याने ‘संदेश’ पुन्हा सुरू केला आणि १९६९ मध्ये आजोबांच्या गुपी आणि बाघा यांच्यावर चित्रपट काढला. आजारी आजोबांनी लिहिलेल्या गोष्टीने ५४ वर्षांनंतर नव्या मुलांना पोट धरून हसविले.

उपेंद्रकिशोरांच्या चरित्राचा विचार करताना मन पुन्हा पुन्हा त्या बिघडलेल्या चित्रांकडे जाते. एका पुस्तकातील चित्रे वाईट छापली गेली, ही गोष्ट तशी लहानशी. तिच्यासाठी त्यांनी कुणाशी भांडण केले नाही. आपल्या कामातील उणीव दूर करण्यासाठी ते नव्याने विद्यार्थी झाले. वयाच्या तिशीनंतर भिंग, आम्ल आणि गणित यांच्याशी त्यांनी झुंज घेतली. आणि जे मिळविले ते सारे मुलांच्या ओंजळीत टाकले. आज पुस्तक उघडताच आपल्या डोळ्यांपुढे स्वच्छ, सुंदर चित्रे येतात. ती पाहताना, मुलांना उत्तम तेच मिळाले पाहिजे असा ध्यास घेतलेल्या या चित्रकाराचे आपण क्षणभर तरी स्मरण करावे.